शेठचा पगार

त्याला सगळे शेठ म्हणत. हे नाव आईबापांनी ठेवलेलं नव्हतं, ते त्याने लोकांना चहा पाजून पाजून कमावलं होतं. एरवी फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीला कोण शेठ म्हणतंय? पण हा जिथे जाईल तिथे खिशात पहिला हात याचा. गवंडी असो, प्लंबर असो, रंगारी असो, टपरीवर शेठ उभा असला की दुसऱ्याने पाकीट काढायचं नाही असा त्याचा दंडक होता. कुणी काढलंच तर शेठ त्याचा हात धरायचा आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "आपण मेलोय का?"

कामात तो वाईट नव्हता. आधी दुसऱ्याच्या हाताखाली होता, मग स्वतः कंत्राटं घेऊ लागला, चार माणसं ठेवली, व्हॅन घेतली. कुठेही गेला तरी खिशातल्या नाण्याने फरशीवर टकटक करून बघायची त्याला खोड होती. खाली माल नीट भरला नसेल तर फरशी पोकळ वाजते, आणि दुसऱ्याने बसवलेली फरशी पोकळ वाजली की शेठला जेवण गोड लागायचं. कुणाच्या घरी गेला तरी बसायच्या आधी वाकून हे करायचा. लोक म्हणायचे, काय दांडगा कारागीर आहे. त्याच्या बायकोला मात्र लाज वाटायची.

बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाचे डोळे तपासायचे, फ्रेम नाकावर बसवून बघायची, दांडी जरा वाकवायची, असं काम. पगार बेताचा, पण महिन्याच्या महिन्याला आणि स्लिपवर छापून येणारा. जीभ मात्र तिची बेताची नव्हती. "बाहेर दानशूर कर्ण आणि घरात मागितलं की बहिरा," असं ती नवऱ्याला पाहुण्यांसमोर म्हणायची. आणि त्यात खोटं काही नव्हतं. टपरीवाल्याची उधारी हा दर शनिवारी चुकवायचा, घराचं भाडं मात्र तीन तीनदा आठवण केल्याशिवाय निघायचं नाही. घरात दिलेल्या पैशाला कुणी वाहवा म्हणत नाही ना, मग तो द्यायचा कशाला?

भांडणं वाढत गेली. आधी भाड्यावरून, मग कशावरूनही. शेवटी एका सकाळी बायकोने दोन बॅगा भरल्या, मुलीचा हात धरला आणि बस थांब्यासमोरच्या एका इमारतीत दोन खोल्या घेऊन राहू लागली. त्या दिवसापर्यंत ती त्याला 'अहो' म्हणत होती. त्या दिवसापासून ती त्याला 'अरे' म्हणू लागली. शेठला घर मोडल्यापेक्षा हे जास्त झोंबलं. तोही मग तिला 'ती चष्मेवाली' म्हणू लागला, आणि शक्य तितक्या लोकांसमोर म्हणू लागला.

मुलगी अकरा वर्षांची. तिला शेठ मुंगी म्हणायचा. अगदी लहान असताना तो तिला सुटीच्या दिवशी साइटवर न्यायचा. दोन फरशांमध्ये सारखी फट राहावी म्हणून प्लॅस्टिकचे अधिकच्या खुणेसारखे बारके तुकडे घालतात. ती ते एकेक उचलून त्याच्या हातात आणून द्यायची, पिशवी जवळ ठेवलेली असली तरी एकेकच. म्हणून मुंगी. चहाच्या वेळी तो तिला टपरीच्या फळीवर बसवायचा आणि मग सगळ्यांचे पैसे द्यायचा. ती बघते आहे म्हणून त्या दिवशी बिस्किटंही मागवायचा. जगातल्या कुठल्याही माणसाने त्याला शेठ म्हटलं नसतं तरी चाललं असतं. मुंगीच्या डोळ्यांत आपण मोठे दिसलो पाहिजे, एवढं एकच त्याला खरोखर हवं होतं. असल्या माणसालासुद्धा एखादी गोष्ट खरोखर हवी असते, हे मान्य करायलाच पाहिजे.

कोर्टात मुलीच्या खर्चाचं प्रकरण आलं तेव्हा दोघांना एका खोलीत बोलावलं. तिथे हिशेब बघणाऱ्या एक मॅडम होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला, आवाज कुणाच्याही बाजूचा नाही. त्यांनी दोघांना नीट समजावून सांगितलं. आधी दोघांची कमाई एकत्र धरायची. तेवढ्या कमाईच्या घरात मूल वाढलं असतं तर त्याच्यावर किती खर्च झाला असता, ते तक्त्यात बघायचं. मग ज्याची कमाई जेवढी, त्या प्रमाणात त्याचा वाटा. मूल जिच्याजवळ आहे ती आपला वाटा रोजच्या रोज खर्च करतच असते. दुसऱ्याने आपला वाटा तिच्या हातात द्यायचा.

"म्हणजे माझी कमाई कमी असेल, तर हिचा वाटा जास्त?" शेठने विचारलं.

"वाटा कमाईच्या प्रमाणात," मॅडम म्हणाल्या. "दोघांनी कागदपत्रं आणायची. धंदा असेल तर धंद्याची."

बायकोने त्याच्याकडे बघितलं. तिला त्याचा चेहरा पाठ होता. "हा काहीतरी करणार," ती मॅडमना म्हणाली, "बघा तुम्ही."

आणि त्याने केलं. एक लक्षात घ्या, शेठला पैशाची हाव नव्हती. तेवढे पैसे तो टपरीवर सहज उडवत होता. पण आपला पैसा दर महिन्याला त्या बाईच्या हातात जाणार, ती तो हक्काने घेणार आणि 'थँक्यू'ही म्हणणार नाही, ही कल्पना त्याच्या घशाखाली उतरत नव्हती. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणाऱ्यांची एक जात असते. शेठ त्या जातीतला अस्सल माणूस होता.

तो थोरल्या बहिणीकडे गेला. तिचा नवरा, म्हणजे दाजी, कुठल्याशा गोदामात कारकुनी करून रिटायर झालेला. फरशी उलटी आहे की सुलटी हेही दाजींना कळत नसे, पण मालक व्हायला ते लगेच तयार झाले. कंत्राटं, बँकेचं खातं, व्हॅन, सगळं दाजींच्या नावावर झालं. व्हॅनच्या दारावर शेठचं नाव होतं ते खरवडून दाजींचं रंगवून घेतलं. शेठ झाला दाजींचा नोकर. पगार किती दाखवायचा यावर दोघे बराच वेळ बसले. शेवटी साइटवरच्या नवख्या पोराला मिळतो त्याहून थोडा जास्त, असा ठरला.

"लोक हसतील हो, एवढा कमी पगार बघून," शेठ म्हणाला.

"लोकांना कशाला दाखवायचाय? कोर्टालाच तर दाखवायचाय," दाजी म्हणाले. "आणि हे बघ, कागदावर सही माझी आहे. उद्यापासून साइटवर मला जरा उठून बोलत जा. दिसायला बरं दिसतं."

सुनावणीच्या दिवशी शेठने घड्याळ घरी ठेवलं, कॉलर उसवलेला शर्ट घातला, पायात दाजींच्या जुन्या चपला. मालक म्हणून दाजीही बरोबर होते. सोंग झकास जमलं होतं. खोलीबाहेरच्या बाकावर बसून त्याने सवयीने नाण्याने फरशी वाजवून बघितली, पोकळ वाजली. "कुठल्या गाढवाने बसवलीय," असं म्हणून तो खूश झाला आणि खुशीत नको ते करून बसला. चहावाला पोऱ्या किटली घेऊन आला, तशी शेठने बोटं फिरवली: बाकावरच्या सगळ्यांना, शिपायाला, दोन्ही वकिलांना, शेजारच्या खोलीत आलेल्या अनोळखी जोडप्यालासुद्धा. पोऱ्याला वर बक्षिशीही दिली. जन्माची खोड सोंगाने थोडीच जाते?

बायकोने चहा घेतला नाही. आत गेल्यावर तिचा नंबर आला तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, पगाराचं पत्र नंतर बघा. आधी याला विचारा, बाहेर सगळ्या मजल्याला चहा कुणी पाजला."

मॅडमनी चष्मा वर सरकवला. "कुणी दिले पैसे?"

 'मी' हा शब्द शेठच्या अगदी ओठावर होता. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी अधिकारी माणसाने हा प्रश्न विचारला होता आणि उत्तर द्यायची सोय नव्हती.

"दाजींनी," तो म्हणाला. "मालक आहेत ते."

"हो, मीच," दाजी लगेच म्हणाले. "माझ्याकडे पद्धतच आहे तशी. माणसांना सांभाळून घ्यावं लागतं."

"इतकी वर्षं काम केलेला हात," मॅडम पत्र वाचत म्हणाल्या, "आणि पगार शिकाऊ पोराचा?"

"मंदी आहे," दाजी म्हणाले. "शिवाय याच्या गुडघ्यात दम राहिला नाही."

मॅडमचा विश्वास बसला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण पुढ्यात सही होती, शिक्का होता, मालक जातीने हजर होता. बायकोकडे काय होतं? तिच्याकडे फक्त खात्री होती, आणि तिची स्वतःची पगाराची स्लिप. त्या स्लिपमधून एक पैसा लपत नव्हता. हिशेब झाला. बापापेक्षा आईची कमाई मोठी दिसली, म्हणून मोठा वाटा तिच्यावर आला. एवढंच नाही. दोघांची मिळून कमाईच कमी भरल्यामुळे तक्त्यातला मुलीचा खर्चही खालच्या रांगेत गेला. म्हणजे बापाने मुंगीलाच स्वस्त करून टाकलं होतं, आणि मग त्या स्वस्तातला लहान तुकडा आपल्याकडे घेतला होता.

बाहेर आल्यावर बायको त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही.

"जिंकलास," ती म्हणाली. "आता हा पगार जप."

शेठने त्या संध्याकाळी टपरीवर सगळ्यांना दोनदा चहा पाजला.

महिनाभराने, दर दुसऱ्या रविवारी ठरलेल्या एका भेटीत मुंगीने सांगितलं की पोहायचा क्लास बंद झाला. ती दोन वर्षं जात होती. शाळेच्या संघात घेणार होते, तिचं नावही निघालं होतं. सांगताना ती कुरकुरली नाही. "आईने विचारून बघितलं, हप्ते करून देतात का. नाही देत," एवढंच म्हणाली.

शेठला वाईट वाटलं. ते खरंच वाटलं, यात शंका नाही. पण लगेच त्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं: बाप तलावाच्या खिडकीवर जातो, वर्षाची फी एका दमात मोजतो, मुंगी बघतच राहते. चष्मेवालीच्या हातात एक दमडी न देता मोठेपणा मिळत असेल तर त्याला आणखी काय हवं होतं? सोमवारी तो तलावावर गेला आणि फी भरून आला. पावतीवर त्याने स्वतःचं नाव ठळक लिहून घेतलं.

मंगळवारी बायकोचा फोन आला.

"तलावावरून मला विचारलं, फी कुणी भरली ते. तू भरलीस?"

"माझ्या मुलीसाठी भरली. तुला काय त्रास आहे?"

"मला कसला त्रास? फक्त एवढंच सांग, त्या पगारात वर्षाची फी बसते? बसत असेल तर मी उद्या मॅडमना कळवते. पावती आहेच. तुझं नाव छान मोठं आहे तिच्यावर."

शेठने खिशातली पावती काढून बघितली.

"नाहीतर असं कर," ती म्हणाली, "दर महिन्याचा खरा वाटा दे. क्लास मी चालू करते."

"तुझ्या हातात? मेलो तरी नाही."

"बरं," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

बुधवारी शेठ तलावावर जाऊन फी परत घेऊन आला. खिडकीतल्या माणसाने पावतीवर 'रद्द' असं लिहिलं आणि विचारलं, "काय झालं शेठ?" शेठने त्याला गुडघ्याचं काहीतरी सांगितलं.

पुढच्या भेटीच्या रविवारी त्याने नेहमीप्रमाणे व्हॅन औषधांच्या दुकानामागच्या गल्लीत लावली आणि चालत इमारतीपाशी आला. व्हॅन चष्मेवालीला दिसता कामा नये, ही खबरदारी तो पहिल्यापासून घेत होता. मुंगी खाली उतरली. दोघं कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेली. शेठने बसल्या बसल्या पोऱ्याला हाक मारली. "दोन सँडविच, एक केक, आइस्क्रीम कुठलं कुठलं आहे ते सांग."

"बाबा, नको," मुंगी म्हणाली. "एकच सँडविच घेऊ. अर्धं अर्धं."

"अगं, भूक नाही का?" एकच सँडविच आलं तेव्हा शेठने विचारलं.

"मी जेवून आलेय." ती खोटं बोलत होती, सँडविचकडे ती ज्या नजरेने बघत होती त्यावरून आंधळ्यालाही कळलं असतं. मग तिने विचारलं, "बाबा, तुमचा गुडघा फार दुखतो का?"

शेठला क्षणभर कळेना, कुठला गुडघा. मग आठवलं. "तुला कुणी सांगितलं?"

"मी आईला विचारलं होतं, बाबांना फी का नाही भरता येत म्हणून. आई म्हणाली, बाबांची परिस्थिती बरी नाही, पगार खूप कमी आहे, गुडघाही गेलाय, कोर्टाने सगळं तपासून बघितलंय. म्हणाली, त्यांच्याकडे काही मागायचं नाही, त्यांना वाईट वाटेल." तिने आपला अर्धा तुकडा आणखी अर्धा केला आणि त्याच्या बशीत सरकवला. "आणि मला पोहायचा तसाही कंटाळा आला होता."

"मुंगे, तसं नाहीये गं," शेठ म्हणाला.

"मग कसं आहे?"

तिने अगदी सरळ विचारलं होतं. शेठने उत्तर द्यायला तोंड उघडलं. माझी चार माणसं आहेत, गल्लीत माझी व्हॅन उभी आहे, चल दाखवतो, तुझा बाप कुणाचा नोकर नाही. हे सगळं जिभेवर आलं. पण त्याच्या पुढचा तिचा प्रश्नही त्याला दिसला. तो एवढाच असणार होता: मग माझा क्लास का बंद झाला? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिच्या नजरेत गरीब राहायचं, की आपण खरोखर होतो तसे खोटारडे दिसायचं?

"काही नाही," तो म्हणाला. "सँडविच खा."

पोऱ्या बिल घेऊन आला. शेठचा हात खिशाकडे गेला, तोच मुंगीने तो मनगटाशी धरला. अगदी त्याच्याचसारखा, अंगठा वर ठेवून. दुसऱ्या हाताने तिने आपल्या छोट्या पर्समधून घडी केलेल्या नोटा काढल्या.

"राहू दे बाबा," ती हसून म्हणाली. "आपण मेलोय का?"

पोऱ्या हसला. शेजारच्या टेबलावरची माणसं हसली. शेठने मान खाली घातली.

तिला सोडायला तो वर गेला. दार बायकोने उघडलं. मुंगी चपला काढून आत गेली, तशी शेठ दात आवळून म्हणाला, "तिला काय काय सांगितलंस?"

"तू कोर्टाला दाखवलंस तेवढंच. एक अक्षर जास्त नाही."

"ते खोटं आहे, तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे. तिला नाही." तिचा आवाज शांत होता, आणि त्या शांतपणात माया औषधालाही नव्हती. "मी तिला म्हणू शकले असते, तुझा बाप खोटारडा आहे, तुझ्या तोंडातलं काढून दाजींच्या नावावर लावलंय. नाही म्हटलं. ते तू सांग. नाहीतर मॅडमना जाऊन सांग. जमेल तिथे सांग."

"तू मुद्दाम केलंस हे."

"हो," ती म्हणाली. "मुद्दाम."

तेवढ्यात मुंगी आतून पळत आली. तिच्या मुठीत नाणी होती. "बाबा, बसला सुट्टे आहेत का तुमच्याकडे? कंडक्टर कटकट करतात." उत्तराची वाट न बघता तिने ती त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची मूठ मिटवली. "मी गॅलरीतून बघते हं. गुडघा सांभाळा उतरताना."

 बायको दाराला टेकून बघत राहिली.

शेठ जिना उतरला. डावीकडे वळलं की गल्ली, गल्लीत व्हॅन. वर बघितलं तर मुंगी गॅलरीच्या कठड्यावर हनुवटी टेकवून उभी. तो उजवीकडे वळला, रस्ता ओलांडला, थांब्यावर जाऊन उभा राहिला. चालताना एका पायावर जरा लंगडलाही. बस कुठली, कुठे जाणारी, हे न बघता आली ती पकडली. मुंगीने वरून हात हलवला. त्यानेही हलवला.

कंडक्टर आला. शेठने मूठ उघडून तिची नाणी दिली आणि तिकीट घेतलं. बस कोपऱ्यावरून वळली तेव्हा औषधांच्या दुकानामागची व्हॅन खिडकीतून स्पष्ट दिसली. दुपारच्या उन्हात तिच्या दारावर दाजींचं नाव चमकत होतं.